मधवाल्याचे शेवटचे शब्द

१

फाइल जागच्या जागी होती, पण आत एकही कागद नव्हता.

बुधवारी सकाळी सरकारी वकील हॉलिस ग्रँथम यांनी स्वतःच्या हातानं लोखंडी कपाट उघडलं, फाइल काढली आणि टेबलावर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की ती फारच हलकी लागतेय. वर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर युरिदिया काल्देरोनचं नाव होतं. युरिदिया माझ्या शेजारीच उभी होती. तिनं रिकाम्या फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एल्विराबाई, हे काय म्हणतायत?"

अजून कुणी काही म्हटलंच नव्हतं. पण मी या कोर्टातली दुभाषी. एकतीस वर्षं लोक माझ्याकडे असंच बघतात, जणू गप्प बसण्याचाही अर्थ मीच सांगायचा असतो.

"कागद सापडत नाहीयेत," मी म्हणाले. "सापडतील."

मंगळवारच्या बाजारातल्या गोळीबाराला तेव्हा चौदा महिने झाले होते. आमच्या गावाबाहेर जनावरांच्या लिलावाची जुनी शेड आहे, तिथं हा बाजार भरतो. चारशे मैलांवरून गाडी हाकत आलेल्या एकवीस वर्षांच्या पोरानं तिथं अकरा माणसं मारली. येण्याआधी त्यानं पानभर मजकूर लिहून ठेवला होता. 'आक्रमण' हा शब्द त्यात चार वेळा होता. युरिदिया मटणाच्या गाळ्यावर कामाला होती. तिनं नऊ जणांना शीतखोलीत ढकललं आणि आतून दाराला अडसर घातला. नऊच्या नऊ वाचले. खटल्यात तिची साक्षही झाली. पण होंडुरासहून आलेल्या युरिदियाकडे इथं राहण्याचे कागद नव्हते. गुन्ह्यात जखमी होऊन तपासाला मदत करणाऱ्याला राहायची परवानगी मिळू शकते, मात्र त्यासाठी सरकारी वकिलाची सही लागते. ग्रँथम यांनी ती केली होती, पण सही फक्त सहा महिने चालते. येत्या सोमवारी ते सहा महिने संपत होते.

"पुन्हा सही करा ना," मी म्हणाले.

ग्रँथम यांनी चष्मा पुसला. "निवडणुकीला तेरा दिवस आहेत, एल्विराबाई. शनिवारी स्ट्राउडशी जाहीर वाद आहे. आज सही केली तर दुपारपर्यंत ते रेडिओवर येईल. आणि मी हरलो तर स्ट्राउड सही करणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"मग शेरीफला कळवा."

"ते तर आणखी लवकर रेडिओवर येईल." त्यांनी आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी पाच वाजता मी फाइल पाहिली, तेव्हा कागद होते. किल्ली माझ्या दारामागं टांगलेली असते. त्यानंतर आत येऊन गेले तुम्ही, डेप्युटी रॉयस आणि आपली कारकून लोर्ना. तुम्ही दोन भाषांतलं खोटं ऐकण्यात आयुष्य काढलंत. तुम्हीच विचारा."

मी कपाटात हात घालून वरची फळी चाचपली. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. युरिदियाचा पासपोर्ट होता तो. फाइलमधून काढून कुणीतरी नीट बाजूला ठेवला होता.

२

पहिला संशय मला ग्रँथम यांचाच आला, आणि मी तो तोंडावर बोलून दाखवला.

"कागद हरवले तर तुमचीच सोय होते, साहेब."

ते चिडले नाहीत. दमून खुर्चीत बसले. "होते. खोटं कशाला बोलू? साडेपाच महिने मी तो कागद कपाटात ठेवला. तुमचं भाषांतर जोडायचं राहिलंय, असं सगळ्यांना सांगत होतो. भाषांतर दोन आठवड्यांपूर्वी आलं, तरी मी तो पाठवला नाही. पण मला तो बुडवायचाच असता, तर चोरी कशाला केली असती? आणखी पाच दिवस गप्प बसलो असतो, तर आपोआप मेला असता."

हे बरोबर होतं. सभ्य माणसाचं बोलणं नव्हतं ते, पण खरं होतं.

शेरीफचा डेप्युटी रॉयस टॅकेट मला कोर्टामागच्या आवारात भेटला. गाडीच्या टपावर कागद पसरून तो बरिटो खात होता. त्याच्या गाडीवर स्ट्राउडच्या प्रचाराचा मोठा स्टिकर होता. बाजारातल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो स्ट्राउडचा रेडिओ लावायचा.

"माझ्यावर संशय घ्यायला आलात ना, एल्विराबाई? घ्या. बायकोनंतर तुमचा नंबर."

"काल पाचनंतर आत कशाला गेला होतास?"

"समन्सवर सही घ्यायला. दोन मिनिटं लागली." त्यानं घास गिळला. "हे बघा, माझं मत तुम्हाला माहीत आहे. कायदा मोडून आलेल्यानं परत जावं. त्या बाईनंसुद्धा. मी तिच्या तोंडावर सांगेन. पण चोरी? आणि समजा मी चोर असतो, तर पहिला पासपोर्ट उचलला असता. तिला अडवायचं तर पासपोर्टच न्यायचा, बाकीच्या कागदांना कोण विचारतो?"

पासपोर्ट फळीवर सापडला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जायला निघाले, तर तोच मागून बोलला. "त्या शेडमध्ये सगळ्यात आधी मी शिरलो होतो. ठाऊक आहे ना?"

"आहे."

"लोकांना वाटतं, आमच्यासारख्यांना काही वाटत नाही. स्ट्राउड 'आक्रमण' म्हणाला की आता मी रेडिओ बंद करतो. कुणाला सांगू नका." तो हातातल्या बरिटोकडे बघत राहिला. "मधवाल्या वेंडेल प्रुइटला मीच बाहेर काढलं. शीतखोलीच्या दाराला पाठ टेकून बसला होता, पाय पसरून. मधाच्या पेट्या समोर ओढलेल्या. तीन गोळ्या, तिन्ही छातीत. अंगभर मध. तेवढ्यात मधमाश्यासुद्धा आल्या होत्या हो."

"नवऱ्याचं हे लोर्नाला सांगितलंस?"

"वेड लागलंय का? पटकन गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, एवढंच सांगितलं." त्यानं उरलेला बरिटो कागदात गुंडाळला. "आता तिच्याकडे जाणार असाल तर जपून. गेले दोन आठवडे ती कुणाशी धड बोलत नाहीये."

दोन आठवडे! मी त्याच्याकडे न बघताच वळले.

३

कारण वेंडेल प्रुइटचे शेवटचे शब्द मला ठाऊक होते. निदान मला तसं वाटत होतं.

युरिदियाच्या जबानीत अशी एक गोष्ट होती, जी ना वर्तमानपत्रात आली, ना खटल्यात. आत नऊ जण असताना बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं होतं. आवाज तिनं ओळखला. मधवाला. दर मंगळवारी तिच्यासाठी मधाच्या पोळ्याचा एक तुकडा बाजूला काढून ठेवणारा म्हातारा. आयुष्यभर मेक्सिकन गड्यांबरोबर काम केल्यानं तो मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायचा आणि तिला 'मिहा' म्हणायचा. आमच्याकडे कुठल्याही तरुण मुलीला प्रेमानं तसं म्हणतात, पोरी म्हणतात तसं.

तो बाहेरून म्हणाला होता, "नो आब्रेस, मिहा?" उघडत नाहीस का गं, पोरी?

आणि तिनं उघडलं नव्हतं.

हे मी इंग्रजीत उतरवलं आणि तोंड शिवून बसले. दुभाष्यानं ऐकलेलं ओठांबाहेर काढायचं नसतं. पण लोर्ना प्रुइट त्याच कचेरीत कारकून होती. नवरा गेल्यावर घर खायला उठतं म्हणून तिनं ही नोकरी धरली होती. बाजाराची प्रकरणं तिच्यापासून लांब ठेवा, असं ग्रँथम यांनी सगळ्यांना बजावलं होतं. दोन आठवडे मी तिच्या टेबलासमोरून मान खाली घालून जात होते.

आताही ती टपाल लावत होती. किडकिडीत, नेहमी इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये, केस घट्ट बांधलेले.

"काल साडेपाचला मी कुलूप लावलं आणि घरी गेले," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "कपाटाशी माझं काही काम नसतं. हॉलिसनं सांगितलंय तसं."

"ठाऊक आहे गं. विचारायचं म्हणून विचारते. कुणी कपाटाजवळ दिसलं का?"

"नाही." पाकिटं एकावर एक पडत होती. "एवढं काय आहे त्या बाईचं? हॉलिस तिला देवी करणार, स्ट्राउड तिला चोर करणार. शनिवारी दोघांना बोलायला विषय हवा."

"तिनं माणसं वाचवली, लोर्ना."

"नऊ." पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, पण कडा लाल. "सगळे नऊच मोजतात. ज्यानं बाहेरून दार वाजवलं, त्याला कोण मोजतं?"

मी 'हं' म्हणून निघून आले. घरी जाऊन भांड्यात राजमा टाकला, कांदा चिरायला घेतला आणि सुरी हातातच राहिली.

बाहेरून दार वाजलं होतं, हे तिला कुठून कळलं?

४

गुरुवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. गावापासून चाळीस मैल, डांबरी रस्ता संपल्यावर आणखी चार. परसात मधमाश्यांच्या पेट्या रांगेनं उभ्या होत्या. पेट्यांना नुकताच पांढरा रंग दिलेला दिसत होता.

तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि बाजूला झाली.

मी स्वयंपाकघरात बसले आणि जे होतं ते सांगितलं. "ग्रँथमना चोरी करायची गरजच नव्हती. रॉयसनं कागद वाचले असते, तर ही ठोठावल्याची गोष्ट आज स्ट्राउडच्या रेडिओवर वाजत असती. ती अजून वाजलेली नाही. म्हणजे ज्यानं कागद नेले, त्याला त्या बाईला बदनाम करायचं नव्हतं. पासपोर्टही बाजूला काढून ठेवला होता. आतल्या नऊ जणांनी याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. ते सोडले, तर दार वाजल्याचं ठाऊक असलेली माणसं तीन. युरिदिया, ग्रँथम आणि मी. काल चौथं तू झालीस."

लोर्ना उठली. पाव ठेवायच्या डब्यातून तिनं कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. एकही घडी नव्हती, सुरकुती नव्हती.

"तुझं भाषांतर प्रिंटरवर पडलं होतं," ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी. माझी टपालाची पत्रं घ्यायला गेले, तर वरच ते. मधवाला, हा शब्द वाचला आणि..." तिनं खुर्चीची पाठ धरली. "एल्विरा, चौदा महिने मला सगळे सांगत होते, पटकन गेला, कळलंसुद्धा नाही. आणि इथं तो दारापाशी भीक मागतोय. उघडत नाहीस का गं, पोरी. आतल्या बाईला ऐकू येतंय. आणि ती उघडत नाही."

"मग कागद का नेलेस?"

"जाळायला." ती खाली बसली. "दोन आठवडे मन मारलं. काल ती सहीचे कागद घेऊन मोकळी होणार म्हणून मंगळवारी काढले. शेगडी पेटवली. पण हात होईना. आत नऊ माणसं होती, त्यांत दोन लेकरं. मी तिथं असते तर मी तरी उघडलं असतं का? मला ठाऊक नाही. आणि तिला माफही करता येईना. सांग आता, अशा बाईनं काय करायचं?"

काहीतरी करावं म्हणून मी कागद चाळू लागले. सगळ्यात खाली युरिदियाची स्वतःच्या हातची जबानी होती, निळ्या शाईतली. उजवा हात गोळीनं फाटला होता म्हणून दवाखान्यात डाव्या हातानं लिहिलेली, वेडीवाकडी. मी ती मूळ कधी पाहिलीच नव्हती. माझ्याकडे मोबाइलवर काढलेला धूसर फोटो आला होता.

ती ओळ मी खिडकीजवळ नेली. मग चष्मा काढून डोळ्यांशी धरली.

"लोर्ना," मी म्हणाले, "गाडीत बस. आत्ताच्या आत्ता."

५

युरिदिया धुलाईकेंद्रात कामाला लागली होती. लोर्नाला पाहताच तिच्या हातातली चादर खाली पडली. तिनं ओळखलं होतं. बाजारात मेलेल्या अकराही जणांच्या घरची माणसं तिनं ओळखून ठेवली होती, आणि चौदा महिने ती त्यांना टाळत होती.

मागच्या अंगणात आम्ही तिघी उलट्या घातलेल्या टोपल्यांवर बसलो. मी युरिदियाला म्हणाले, "काही समजावू नकोस. काही गाळू नकोस. मधवाला बाहेरून काय म्हणाला, तेवढं सांग. त्याचेच शब्द."

"मी उघडणार होते, एल्विराबाई. देवाशपथ. अडसराला हात घातला होता. तो ठोकत होता आणि म्हणत होता, 'नो आब्रास, मिहा. नो आब्रास.'"

"आब्रास? आब्रेस नव्हे?"

"आब्रास. पुन्हा पुन्हा. 'मी म्हटलं तरी उघडू नकोस.' मग पाठ टेकल्यासारखा दाराला धक्का बसला. मग..." तिनं कान झाकून घेतले. "मी त्याचं ऐकलं. मी त्याचं ऐकायला नको होतं."

मी लोर्नाकडे वळले. आयुष्यात इतकं अवघड भाषांतर मी केलं नव्हतं, कारण चूक माझी होती.

"मी एक अक्षर चुकीचं वाचलं," मी म्हणाले. "फोटोत 'आ' होता की 'ए', ते कळत नव्हतं. मी मनानं ठरवलं की दार वाजवणारा माणूस आत यायलाच बघणार. तो 'उघडत नाहीस का' असं विचारत नव्हता, लोर्ना. तो 'उघडू नकोस' म्हणत होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"नाही. रॉयसला विचार. वेंडेल त्याला दाराला पाठ लावून बसलेला सापडला. गोळ्या समोरून लागल्या होत्या. आत घ्या म्हणून विनवणारा माणूस दाराकडे तोंड करतो. मधाच्या पेट्या त्यानं पुढ्यात ओढल्या होत्या. त्याला आत जायचंच नव्हतं. आत कुणी आहे हे त्या पोराला कळू नये, आणि कळलंच तर दारापर्यंत पोहोचता येऊ नये, म्हणून तो तिथं बसला. पोरगी दयेनं उघडेल, ही त्याला भीती होती. म्हणून ठोठावलं."

यंत्रं घरघरत होती. मग लोर्नाच्या तोंडून भलताच आवाज निघाला, अर्धं हसू, अर्धा हुंदका.

"हट्टी होता मेला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मला सांगायचा, दार लाव, मुंग्या येतात. दार लाव, धूळ येते."

युरिदियाला शब्द कळले नाहीत. पण ती टोपलीवरून उतरून लोर्नाच्या पायाशी बसली आणि लोर्नानं तिचा तो फाटून शिवलेला उजवा हात दोन्ही हातांत घेतला. मी भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

६

कागद शुक्रवारी सकाळी हातोहात रवाना झाले. नव्या भाषांतरासकट. माझी चूक मी वेगळ्या पानावर लिहून सही केली.

शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत वाद झाला. गर्दी भिंतींपर्यंत. गारलँड स्ट्राउड आधी बोलला. वेंडेल प्रुइटसारखा या मातीतला माणूस गेला, आणि आमचे सरकारी वकील कागद कुणाचे करतायत? हे आक्रमण नाही तर काय? टाळ्या पडल्या. ग्रँथम उठले. वेंडेलला मारणाऱ्या पोरानं हाच शब्द लिहिला होता, गारलँड, चार वेळा. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. मग बंदुका, सीमा, पुन्हा बंदुका. अर्ध्या तासात वेंडेलचं नाव सात वेळा निघालं.

प्रश्नांच्या वेळी लोर्ना उभी राहिली. माईक तिनं घेतला नाही.

"माझा प्रश्न नाही. सांगायचं आहे. हॉलिस, तू सही केलीस आणि कुणाला कळू नये म्हणून साडेपाच महिने कपाटात दडवलीस. गारलँड, ज्या बाईला तू घालवायला निघालायस, तिच्या दाराशी माझा नवरा स्वतःच्या मर्जीनं बसला. ती वाचावी म्हणून. कागद चोरणारी मी. आता ते गेले आहेत. वेंडेलबद्दल तुम्हा दोघांना काही ठाऊक नाही, तेव्हा त्याचं नाव पुरे."

मागून कुणीतरी हुर्यो केली. रॉयस टॅकेट गणवेशात दाराशी उभा होता. तो त्या माणसापाशी गेला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस खाली, डेल." डेल बसला.

निवडणूक स्ट्राउडनं जिंकली, तीनशे मतांनी. खोटं कशाला सांगू, लोर्नाच्या बोलण्यानं काही फार उलटसुलट झालं नाही. ग्रँथम यांनी तिच्यावर गुन्हा नोंदवला नाही, फक्त नोकरी सोडायला सांगितली. जाताना स्वतःच्या खोलीचं दार लावून ते तिच्याशी तासभर बोलले. काय बोलले, ते दोघांनीही सांगितलं नाही. युरिदियाचा अर्ज दाखल झाला, एवढंच. निकालाला वर्षं लागतात.

जानेवारीत तिची सुनावणी होती, गाडीनं तीन तासांवरच्या शहरात. परत पाठवायचं की अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबू द्यायचं, एवढंच ठरायचं होतं. गाडी लोर्नानं चालवली, मी मागच्या सीटवर डुलक्या काढत होते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वाटेत त्या कशावरून तरी भांडल्या. बहुधा हीटरवरून.

कोर्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसानं सोबत कोण आलंय, त्याचा तक्ता पुढं केला. लोर्नानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. एक रकाना रिकामा राहिला.

"नातं?" त्यानं विचारलं.

"शेजारी."

त्यानं दोन्ही पत्ते पाहिले, मग चष्म्यावरून तिच्याकडे. "बाई, तुमच्या दोघींत चाळीस मैलांचं अंतर आहे."

"आमच्याकडे," लोर्ना पेन परत देत म्हणाली, "चाळीस मैल म्हणजे शेजारच."

न्यायाधीशांनी त्या दिवशी तारीख पुढं ढकलली. अकरा महिन्यांनी. परतीच्या वाटेवर आम्ही तिघींनी मिळून एका टपरीत भाजलेलं कणीस खाल्लं, आणि युरिदिया गाडीत चढल्याबरोबर झोपून गेली.